मॅकबेथच्या हातातले खंजीर

आज दोनच चित्रं बघू. चित्रकार एक, हेन्री फ्यूसेली. प्रसंगही एकच. मधे गेलीत सुमारे पंचेचाळीस वर्षं.

प्रसंग तुमच्या परिचयाचा आहे. ‘मॅकबेथ’मध्ये राजा डंकनचा खून रंगमंचावर होतच नाही. दुसऱ्या अंकात आपल्याला दिसतो तो खून करून बाहेर आलेला मॅकबेथ. खंजीर झोपलेल्या पहारेकऱ्यांजवळ ठेवायचे, म्हणजे आळ त्यांच्यावर जाईल, असं ठरलेलं. हा भांबावून ते हातातच घेऊन येतो. परत आत जायची त्याची छाती होत नाही. मग लेडी मॅकबेथ ते मागून घेते आणि स्वतः जाते.

फ्यूसेली मूळचा झुरिकचा, रीतसर दीक्षा घेतलेला धर्मोपदेशक. १७६०च्या दशकात तो लंडनला आला. डेव्हिड गॅरिक आणि हॅना प्रिचर्ड यांचा हा प्रवेश त्याने जलरंगात टिपला. गॅरिकच्या अंगावर अठराव्या शतकातला कोट, प्रिचर्डबाईंचा घेरदार झगा. अकराव्या शतकातल्या स्कॉटलंडचा मागमूस नाही! तेव्हाच्या प्रेक्षकांना त्यात काही खटकत नसे. ते चित्र नटांचं आहे.

दुसरं चित्र तैलरंगातलं, साधारण १८१२चं, आज लंडनच्या टेट संग्रहात असलेलं. प्रिचर्डबाई १७६८ साली गेल्या, गॅरिक १७७९ साली. फ्यूसेली सत्तरीला आलेला. म्हणजे माझ्यासारखाच म्हातारा. इथे कपडे जवळजवळ विरून गेलेत, खोली अंधारात बुडालीय. उरल्यात दोन पांढुरक्या, भुतांसारख्या आकृत्या. तिचं बोट ओठांवर. तो तर कातडी सोलल्यासारखा दिसतो.

१८११ साली चार्ल्स लॅम्बने एक निबंध लिहिला. शेक्सपिअरच्या शोकांतिका वाचाव्यात, रंगमंचावर त्या उणावतात, असं त्याचं म्हणणं. वाचताना आपण पात्राच्या मनात असतो. नाट्यगृहात नटाचा देह आडवा येतो. फ्यूसेलीचं हे चित्र प्रथमदर्शनी लॅम्बच्या बाजूचं वाटतं, कारण नट त्यातून पुसले गेलेत. पण मला ते पटत नाही. तिचं झेपावणं बघा, त्याचं थिजणं बघा. मनातलं भय दाखवायला चित्रकाराला शेवटी शरीरच लागलं. गॅरिकचा कोट गेला, पण खून करून आलेला माणूस कसा उभा राहतो हे फ्यूसेली नाट्यगृहातच शिकला होता.

आणि त्या जवळजवळ रंगहीन चित्रात लाल काय आहे, तर खंजिरांवरचं रक्त.