पेडण्याबाहेरचे पेडणेकर

निवृत्तीनंतर लाटंबार्से येथे येऊन राहिल्यास मला काही वर्षे झाली होती. एके दिवशी सकाळी मुंबईचे एक गृहस्थ एका समाईक स्नेह्याची चिठ्ठी घेऊन आमच्या अंगणात आले. वय पन्नाशीच्या पुढचे, पायांत बूट, हातात कागदांची पिशवी. चहा होईपर्यंत ते थोडे अवघडून बसले. मग म्हणाले, "मी पेडणेकर. आमचे मूळ घर कोणते, ते शोधायला आलोय. काल दिवसभर पेडण्याच्या बाजारात पेडणेकरांचे घर विचारत फिरलो. कोणालाही सांगता येईना. तुम्ही महसूल खात्यात होता असे कळले, म्हणून आलो."

मला हसू आवरले नाही. मी म्हटले, "अहो, पेडण्यात पेडणेकर कसे सापडतील? पेडणेकर शोधायचे तर वेंगुर्ल्यास जावे, गिरगावात जावे." त्यांना ती थट्टा वाटली. मात्र ती थट्टा नव्हती. त्या दिवशी त्यांना जे अर्धवट सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने मांडत आहे.

'कर' हा प्रत्यय लागून झालेली आडनावे आपल्याकडे उदंड आहेत. 'त्या गावचा' एवढाच त्यांचा अर्थ. पण गावात सगळेच त्या गावचे असताना एकट्यालाच तसे म्हणण्याचे कारण काय? घरातल्या घरात ज्याची त्याची ओळख घराण्यावरून, हुद्द्यावरून वा वाड्यावरून होते. म्हणूनच आमच्या डिचोली-पेडणे भागात राहत्या घराण्यांची आडनावे पाहिली, तर गावकर, परब, सावंत, राऊळ, गवस, नाईक, देसाई, प्रभू अशी हुद्द्याची किंवा कुळाची नावेच अधिक दिसतात. माणूस गाव सोडून दुसरीकडे वस्तीस गेला, की तेथील लोकांना त्याचे कूळ ठाऊक नसते. ठाऊक असते ते एवढेच, की हा पेडण्याहून आला. तोच पेडणेकर. तेव्हा हे आडनाव पेडण्याने दिलेले नाही. ते दिले परगावाने.

ही रीत आजही डोळ्यांदेखत पाहता येते. कोकणात सासरी आलेल्या मुलीला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात. पेडण्याची मुलगी सासरी 'पेडणेकरीण' होते. माहेरी चार दिवस आली, की तिला त्या नावाने कोणी हाक मारीत नाही. पुरुषांच्या बाबतीत तीच हाक पुढे सरकारी कागदावर चढली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची झाली, एवढाच फरक.

गोव्यातील ठळक उदाहरणे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचा जन्म १९११ सालचा, आणि तो झाला पेडणे येथे. त्यांचे आडनाव मात्र फोंडा महालातील बांदोड्याचे. पेडण्यात जन्मलेला हा गोव्यातील सर्वांत प्रसिद्ध पुरुष पेडणेकर नाही, हे माझ्या मते पुरेसे बोलके आहे. २०१४ ते २०१७ या काळात मुख्यमंत्री असलेले लक्ष्मीकांत पार्सेकर हरमलचे. पार्से आणि हरमल ही दोन्ही गावे पेडणे तालुक्यातलीच. म्हणजे आडनाव पडायला फार दूर जावे लागते असेही नाही; तालुक्यातील एका गावातून दुसऱ्यात गेले तरी पुरते. मनोहर पर्रीकर म्हापशाचे; पर्रा हे गाव तेथून हाकेच्या अंतरावर. पेडण्यात राहून पेडण्याचे नाव मिरवणारे एकच ठळक घराणे मला माहीत आहे, ते म्हणजे देशप्रभूंचे. त्यांना पोर्तुगीज दरबाराकडून 'पेडण्याचे व्हिस्कोंद' असा किताब होता. पण तो किताब झाला. त्यांचे आडनाव हुद्द्याचेच आहे.

ही गोष्ट केवळ आपल्याकडचीच आहे असे समजू नये. इटलीत रोमानो, जेनोव्हेझे, नापोलितानो अशी आडनावे आहेत. रोम, जेनोव्हा, नेपल्स या शहरांवरून ती पडली, आणि मुळात ती पडली त्या शहरांतून बाहेर पडलेल्यांना. पुढे इटलीतील माणसे ब्रिटनमध्ये गेली, तीही अशी गावगाव करून. वेल्समधील खाणकामगारांच्या वस्त्यांत ज्यांनी उपाहारगृहे काढली ते बहुतेक बार्दी या डोंगराळ गावाच्या परिसरातले. स्कॉटलंडात गेलेल्यांत बार्गा गावचे पुष्कळ. एक गेला, त्याने भाऊ बोलावला, भावाने मेहुणा. आपल्या मुंबईतील खोल्यांची कथा याहून वेगळी नाही.

आता पेडणेकर पसरले कसे ते पाहू. पहिला टप्पा अगदी जवळचा. तेरेखोल नदी ओलांडली की आरोंदा, पुढे वेंगुर्ले, सावंतवाडी. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, ती ही की नदीवरची सरहद्द फार जुनी नाही. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. डिचोली व सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास पोर्तुगीजांकडे गेले, आणि पेडणे १७८८ च्या तहाने कायमचे गेले. त्यापूर्वी पेडण्याहून वेंगुर्ल्यास जाणे म्हणजे एका राज्यातल्या एका गावातून दुसऱ्यात जाणे. मागाहून जो गेला तो दुसऱ्या राज्यात गेला. १८१२ नंतर वेंगुर्ले बंदर इंग्रजांकडे आल्यावर तर थेट इंग्रजांच्या मुलखात. त्यामुळे वेंगुर्ल्याच्या पेडणेकरास 'तुम्ही गोव्याचे' म्हटले, तर तो बिचकतो. त्याचे पूर्वज पेडणे गोव्यात जाण्याआधीच तेथून निघालेले असू शकतात.

दुसरा टप्पा मुंबईचा, आणि तो सर्वांत मोठा. १८५६ साली मुंबईत पहिली कापडगिरणी चालू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत गिरणगाव उभे राहिले, आणि कोकणातली माणसे आगबोटींनी मुंबईच्या धक्क्यावर उतरू लागली. गावाकडे ज्याला परब किंवा नाईक म्हणत, तो गिरणीच्या हजेरीपटावर आला. खात्यात परब अगोदरच चार असणार. मुकादमाने विचारले असेल, "कुठला?" उत्तर आले, "पेडण्याचा." झाले! दुसऱ्या पिढीत मुलाचे नाव शाळेत घालताना मास्तरांनी तेच लिहून घेतले. याच धर्तीवर मांद्रेकर, हरमलकर, तुयेकर, मयेकर, डिचोलकर, साखळकर तयार झाले. नार्व्याचे नार्वेकरही त्यांतलेच. तालुक्याच्या गावाचे नाव अधिक पसरते, कारण परक्याला लहान खेडे ठाऊक नसते. सावंतवाडीतल्या माणसाला पार्से ठाऊक असेल, परळच्या मुकादमास पेडणे ठाऊक असेल तेवढेच पुष्कळ. आमच्या लाटंबार्से गावाचे आडनाव लावणारा माणूस मला उभ्या नोकरीत भेटला नाही. इतके लांब नाव हजेरीपटाच्या रकान्यात मावत नसावे, असे मी गमतीने म्हणतो.

मुंबईतील गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांचा या बाबतीत एक निराळाच प्रकार झाला. त्यांच्या पूर्वजांस धर्मांतराच्या वेळी फर्नांडिस, डिसोझा अशी पोर्तुगीज आडनावे मिळाली. त्यांवरून गाव कळणे अशक्य. म्हणून त्यांनी धोबीतलावाच्या बाजूस गावोगावचे 'कूड' स्थापन केले, आणि गावाचे नाव कुडाला दिले. हिंदूंच्या बाबतीत गावाचे नाव माणसाच्याच अंगाला चिकटले. एकाने गाव पाटीवर जपले, दुसऱ्याने सहीत.

सहीवरून आठवले. पोर्तुगीज वर्णमालेत 'के' हे अक्षर जवळजवळ वापरात नसे. त्यामुळे गोव्यातील जुन्या दप्तरात 'कर' हा 'सी'ने लिहिलेला आढळतो. नाईकाचे, शेणव्याचे, प्रभूचे स्पेलिंग तर असे, की नवशिक्या कारकुनाने कपाळाला हात लावावा. सरहद्दीपलीकडे तोच 'कर' 'के'ने लिहिला गेला. दोन सख्ख्या भावांच्या वंशजांपैकी एक 'सी'चा आणि एक 'के'चा, अशी प्रकरणे माझ्या टेबलावरून गेलेली आहेत. वारसा सिद्ध करताना असल्या एका अक्षरापायी प्रतिज्ञापत्रांचे गठ्ठे होतात. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या आजोबांची नोंद लिस्बनमध्ये करू पाहणाऱ्या नातवंडांना तर हे चांगलेच ठाऊक झाले आहे. त्यांतही आजोबा येथील जन्मनोंदीत परब आणि मुंबईच्या मृत्युदाखल्यावर पेडणेकर असतील, तर प्रश्न अक्षराचा राहत नाही. सबंध माणूसच दुसरा ठरतो.

आडनावावरून नाते जोडणाऱ्यांनी आणखी एक खबरदारी घेतली पाहिजे. एकच आडनाव म्हणजे एकच घराणे नव्हे. महादजी शिंद्यांचे सेनानी जिवबादादा बक्षी हे मूळचे केरकर. त्यांचे केरी पेडणे महालातले, तेरेखोलच्या मुखाजवळचे. सुरश्री केसरबाई केरकर यांचे केरी फोंडा तालुक्यातले. तिसरे केरी सत्तरीत आहे. या तीन केरींचा एकमेकांशी संबंध नाही, तेव्हा केरकरांचाही असण्याचे कारण नाही. पेडणेकरांचे तर याहून अवघड. पेडणे हे गावही आहे आणि महालही. कोणत्याही जातीचा, कोणत्याही वाड्याचा माणूस तेथून निघाला तरी तो पेडणेकरच होणार. या आडनावावरून जात ओळखू पाहणारे फसतात, याचे मला वैयक्तिकरीत्या समाधान वाटते.

काहींनी मात्र गावाचे नाव दुसऱ्यांनी देण्याची वाट पाहिली नाही, ते स्वतःहून घेतले. गोव्यातील कलावंत घराण्यांतून मुंबईस गेलेल्या गायिकांची नावे आठवावीत. पेडण्याकडच्या माल्पे गावचे नाव अंजनीबाई मालपेकरांनी नेले, कुर्डीचे मोगूबाई कुर्डीकरांनी. देवळाच्या सेवेशी बांधलेल्या ज्या समाजाला इतरांनी आदराचे आडनाव कधी दिलेच नव्हते, त्याने गावाचे नाव उचलले आणि ते मैफलींतून असे गाजवले, की आज त्या गावांची ओळख त्या नावांवरून होते. दीनानाथांनी मंगेशीवरून मंगेशकर हे नाव घेतले, त्याविषयी वेगळे सांगावयास नको. कुर्डी गाव तर साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे अवशेष तेवढे दिसतात. आडनाव मात्र कोरडे राहिले.

तिसरा टप्पा आपल्या डोळ्यांदेखतचा. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला, गिरण्या मोडत गेल्या, आणि लालबाग-परळचे पेडणेकर डोंबिवली-विरारकडे सरकले. काही पुढे आखातात आणि विलायतेस गेले. २०१९ साली मुंबईच्या महापौरपदी किशोरी पेडणेकर आल्या, तेव्हा आमच्या इकडच्या पुष्कळांना अभिमान वाटला. महापौरांच्या खुर्चीमागे आपल्या तालुक्याचे नाव लागले होते. पेडणे तालुक्यात त्या नावाची पाटी शोधायला मात्र पायपीट करावी लागली असती. अगदीच नाहीत असे म्हणत नाही. बाहेर जाऊन आडनाव घेऊन परत आलेले असतातच.

गोव्यात नाव-आडनाव बदलण्यासंबंधीचा कायदा १९९० सालचा आहे. बाहेरून आलेले लोक गोव्याची आडनावे घेतात, अशी ओरड अधूनमधून होते. कायद्याने फसवणूक रोखावी, याविषयी दुमत नाही. पण गोमंतकीयत्वाची कसोटी म्हणून 'कर'कडे बोट दाखवले जाते, तेव्हा मला नवल वाटते. हे आडनाव ज्याच्याकडे आहे, त्याचे पूर्वज केव्हातरी गाव सोडून गेले, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

असो. त्या गृहस्थांचे काय झाले ते सांगायचे राहिले. त्यांच्या पिशवीत आजोबांचा मृत्युदाखला, गिरणीचा एक जुना पास आणि मनिऑर्डरीच्या काही पावत्या होत्या. दाखल्यावर आणि पासावर पेडणेकर. पावत्या मी चष्मा लावून पाहिल्या. सगळ्या एकाच सुमाराच्या, दसऱ्याच्या आगेमागे पाठवलेल्या. मी विचारले, "आजोबा हे पैसे कशासाठी पाठवीत?" ते म्हणाले, "कुठल्याशा पुनवेला, असे आई सांगायची."

पेडण्याची पुनव! कोजागरीला रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे निघतात, एका रात्रीत देऊळ बांधून द्या म्हणून भूतनाथ रुसतो, आणि मानकरी त्याची समजूत घालतात. त्या उत्सवास मुंबईहून नेमाने पैसे पाठवणारा माणूस महालातल्या कुठल्या तरी खेड्यातला नव्हता, खुद्द पेडणे गावातला होता, एवढा उलगडा झाला. त्या वर्षी आम्ही दोघे पुनवेला गेलो. गर्दी ओसरल्यावर देवळाशी बसलेल्या एका वृद्ध मानकऱ्यास त्यांनी आजोबांचे नाव आणि गिरणीचे नाव सांगितले. म्हातारा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पेडणेकर नव्हे रे बाबा. तुम्ही परब. तुमच्या घराचा चौथरा अजून आहे. सकाळी दाखवतो."

सकाळी आम्ही गेलो. जांभ्या दगडाचा चौथरा, तीन पायऱ्या आणि मोडकळीस आलेले तुळशीवृंदावन. गृहस्थांनी पायांतले बूट काढले आणि पायरीवर बसले. शेजारच्या घरातून एक बाई बाहेर आल्या आणि त्यांनी विचारले, "कुठले तुम्ही?" ते चटकन म्हणाले, "मुंबईचे."

पुढच्या वर्षी पुनवेला ते पुन्हा आले. मानकऱ्यांच्या ओळखीने चार घरांशी येणेजाणे सुरू झाले आहे. त्या घरांतली मुले त्यांना 'मुंबईकर' म्हणतात.