'एस' या एका अक्षराची वंशावळ

इंग्रजीत वेळ थोडक्यात लिहिताना तासाला 'एच', मिनिटाला 'एमआयएन' आणि सेकंदाला नुसते 'एस', असा आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीचा नियम आहे. पुढे टिंब नाही, अनेकवचन नाही. मिनिटाला नुसते 'एम' लिहिले, तर तो मीटर होतो.

मला या 'एस'ची वंशावळ महत्त्वाची वाटते. सेकंद म्हणजे 'दुसरा'. तासाचे ६० भाग ही पहिली वाटणी, त्या भागाचे पुन्हा ६० ही दुसरी. साठाचा हिशेब मूळचा बाबिलोनचा. इ.स. १००० च्या सुमारास अल-बिरुनीने अमावास्येच्या गणितात तासाखाली दकीका, सानिया आणि त्याहूनही बारीक भाग मांडले. १२६७ मध्ये रॉजर बेकनने लॅटिनमध्ये तशीच मांडणी केली. दकीका म्हणजे बारीक, सानिया म्हणजे दुसरी. लॅटिन मिनिट-सेकंदांचा अर्थही हाच.

म्हणून विज्ञान 'त्यांचे' आणि दीन तेवढा 'आपला', ही वाटणी मला मान्य नाही. 'सगळे आमचेच' ही बढाईही नको. बाबिलोनचे देणे आपल्यावरही आहेच. मदरशातली सानिया आणि इंग्रजी शाळेतला सेकंद एकाच घरातले आहेत, एवढे मुलांना सांगितले तरी पुष्कळ झाले.