नवजात बाळाच्या मेंदूतील रक्तस्राव : अंदाजापासून सोनोग्राफीपर्यंत

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या रिपोर्टवर 'मेंदूत रक्तस्राव, ग्रेड 2' असे दिसले की आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, आमचं बाळ पुढे चालेल ना, बोलेल ना?" हा प्रश्न जुना आहे. त्याचे उत्तर कसे बदलत गेले ते पाहू, म्हणजे रिपोर्टची भीती थोडी कमी होईल.

1862 मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी हातपाय ताठर असलेल्या मुलांच्या जन्माची माहिती प्रसिद्ध केली. कोणाच्या वेळी बाळंतपण अडले होते, कोणी वेळेआधी जन्मले होते, कोणी जन्मताच गुदमरले होते. अशा ताठरपणाला पुढे 'लिटलचा आजार' म्हणू लागले. आज तो सेरेब्रल पाल्सीचा एक प्रकार मानला जातो. 1897 मध्ये व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइड यांनी वेगळी शंका काढली : अवघड बाळंतपण हे कारण नसून, पोटात असतानाच वाढ बिघडल्याचे लक्षण असेल तर?

वाद मिटणार कसा? जिवंत बाळाच्या मेंदूत पाहण्याची सोयच नव्हती. रक्तस्राव दिसे तो मुख्यतः शवविच्छेदनात. म्हणजे रक्तस्राव होऊनही वाचलेली, धडधाकट वाढलेली मुले डॉक्टरांच्या हिशेबात येतच नव्हती.

1978 मध्ये अमेरिकेत ल्यू-अ‍ॅन पपिल आणि सहकाऱ्यांनी जन्मवजन दीड किलोपेक्षा कमी असलेल्या 46 बाळांचे सीटी स्कॅन केले. 20 बाळांत रक्तस्राव निघाला. वाचलेल्या 29 पैकी 9 बाळांना तो झाला होता आणि त्यांतल्या 7 जणांत बाहेरून कोणतेही लक्षण दिसले नव्हते! तुमच्या रिपोर्टवरचे 1 ते 4 ग्रेड याच अभ्यासातून आले. पुढे सोनोग्राफी आली. ज्या टाळूवर आपण तेल घालतो, त्याच मऊ जागेतून आता बाळाला न हलवता मेंदू पाहता येतो.

यातून काय कळले? ग्रेड 1 आणि 2 मध्ये बहुतेक मुलांची वाढ चांगली होते. 3 आणि 4 मध्ये डोक्यात पाणी साठण्याचा आणि सेरेब्रल पाल्सीचा धोका बराच वाढतो, तरीही प्रत्येक मुलाला ते होतेच असे नाही. वेळेआधी प्रसूतीची शक्यता असेल तर आईला दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनी हा रक्तस्राव कमी होतो, हेही लक्षात आले.

म्हणून ग्रेड म्हणजे बाळाचे भविष्य नव्हे, कोणावर जास्त लक्ष ठेवायचे याची ती सूचना आहे. डोक्याचा घेर वेळच्या वेळी मोजून घ्या. मान धरणे, बसणे, ऐकणे, पाहणे यांची तपासणी चुकवू नका. वर्षाच्या आतच बाळ एकच हात वापरू लागले, तर "डावखुरा असेल" म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. फिजिओथेरपी जितकी लवकर सुरू होईल तितके चांगले.