पुलावर वाजलेला सॅक्सोफोन

टेनर सॅक्सोफोन दबक्या आवाजात शिकता येत नाही. फुंक कमी पडली की रीड नीट थरथरत नाही आणि हाती लागते ती हवेची फुसफुस. गिरगावातल्या चाळीत मी हे वाद्य शिकलो, तेव्हा कपाटाची दारं उघडायची, सॅक्सोफोनचं तोंड साड्या-शर्टांच्या ढिगात खुपसायचं आणि लांब सूर लावत बसायचं, एवढाच मार्ग होता. त्यामुळे जॅझ सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्सच्या ‘द ब्रिज’ या अल्बमबद्दल बोलताना लोक वैराग्य, तपश्चर्या असं काही सुरू करतात, तेव्हा मला आधी त्याच्या घराच्या भिंती आठवतात.

1959 च्या उन्हाळ्यात रॉलिन्स 28 वर्षांचा होता. तीनच वर्षांपूर्वीच्या ‘सॅक्सोफोन कोलोसस’ने त्याला जॅझच्या पहिल्या रांगेत नेऊन बसवलं होतं. कामं येत होती, कौतुक होत होतं, आणि रॉलिन्सने जाहीर वाजवणंच बंद केलं. आपल्याला फार लवकर फार काही मिळतंय आणि कसब अजून कच्चं आहे, असं त्याला वाटत होतं. पुढे मुलाखतींतून त्याने हे सरळ सांगितलं.

तो राहायचा मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला, ग्रँड स्ट्रीटवर. शेजारची बाई गरोदर होती. तिला त्रास नको म्हणून तो वाद्य घेऊन बाहेर पडला आणि जवळच्या विल्यम्सबर्ग पुलावर गेला. 1903 साली खुला झालेला हा पूल ईस्ट रिव्हरवरून ब्रुकलिनला जातो. त्याच्या पादचारी मार्गावर रॉलिन्स ऋतू कोणताही असो, तासन्‌तास वाजवायचा. पुलावरून आगगाड्या धडधडत जायच्या, खालून बोटींचे भोंगे यायचे. कधी सोप्रानो सॅक्सोफोन वाजवणारा स्टीव्ह लेसी सोबतीला असायचा.

उघड्यावर वाजवणं म्हणजे काय, हे ज्याने वाजवलंय त्यालाच कळतं. खोलीत भिंती आपला सूर परत देतात, त्यावर आपण फुकट मोठे होतो. नदीवर काहीच परत येत नाही. सूर भरदार हवा तर तो पोटातूनच आणावा लागतो, आणि गाडी गेली तरी तो ऐकू यायला हवा. दोनेक वर्षांत रॉलिन्सने हेच कमावलं, असं माझं ठाम मत आहे.

1961 मध्ये ‘मेट्रोनोम’ मासिकात राल्फ बर्टनने पुलावरच्या वादकाबद्दल लिहिलं. त्याने पुलाचंही नाव बदललं आणि वादकाचंही, तरी जाणत्यांना कळायचं ते कळलंच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रॉलिन्स ग्रीनिच व्हिलेजच्या जॅझ गॅलरीत पुन्हा उभा राहिला. आरसीए व्हिक्टरने करार केला आणि 1962 च्या जानेवारी-फेब्रुवारीत ‘द ब्रिज’ मुद्रित झाला. निर्माता होता जॉर्ज अवाकियन.

मधल्या काळात जॅझ बदललं होतं. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनने फाइव्ह स्पॉट क्लबमध्ये खळबळ उडवली होती. दोन वर्षं पुलावर काढलेला माणूस त्याच्याही पुढचं काही आणेल, अशी लोकांची अपेक्षा होती. आल्या त्या चार जुन्या चाली आणि स्वतःच्या दोन रचना. अनेक समीक्षकांची निराशा झाली. माझ्या मते त्यांनी नवेपणा भलत्या जागी शोधला.

या अल्बममध्ये पियानो नाही. पियानोवाला सुरांचे गुच्छ मांडत गेला की सॅक्सोफोनची वाट आखली जाते. रॉलिन्सने त्या जागी जिम हॉलचं गिटार घेतलं, आणि हॉल मोजकंच वाजवतो, कित्येक ठिकाणी जागा रिकामीच सोडतो. बॉब क्रॅनशॉच्या बासवर आणि बेन रायलीच्या ड्रमवर सॅक्सोफोनचा सूर मोकळा फिरतो. ‘विदाउट अ साँग’ हे 1929 चं गाणं. ते वाजवताना रॉलिन्स ओळ संपवून लगेच पुढे धावत नाही, आधीच्या सुराची शेपटी पूर्ण विरू देतो. बिली हॉलिडेचं ‘गॉड ब्लेस द चाइल्ड’ तर इतकं संथ आहे की तिथे श्वास चोरायला वावच नाही. शीर्षकरचना मात्र सुसाट धावते आणि तिथेही एकेक सूर सुटा, स्पष्ट, भरलेला ऐकू येतो. बोटं चपळ असलेले वादक पुष्कळ मिळतात; त्या वेगात सुराचं वजन सांभाळणारे विरळा.

वाजवणं थांबवून दूर जाण्याची त्याची ओढ एवढ्यावर संपली नाही. साठीच्या दशकाच्या अखेरीस तो आपल्या पवईला, स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात येऊन काही महिने राहिला. ध्यानाला बसलं की मन स्थिर होत नाही, ही अडचण त्याने स्वामीजींना सांगितली. तू वाद्य वाजवतोस तेव्हा ध्यानच करत असतोस, असं स्वामीजींनी त्याला समजावल्याचं तो सांगत आला आहे. पुढे 1978 मध्ये मुंबईत पहिला ‘जॅझ यात्रा’ महोत्सव भरला, तेव्हा रॉलिन्स या शहरात वाजवायलाच आला.