कीचक, शारदा आणि मोबाईलमधली बंदूक



मागच्या खेपेला सांगलीत व्याख्यान संपल्यावर एक आई थांबल्या होत्या. म्हणाल्या, "सर, मुलगा तासन्‌तास मोबाईलवर गोळ्या झाडतो. उद्या खरोखर कुणाच्या जिवावर उठेल का हो?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. आज साताऱ्यात ते देतो, आणि त्यासाठी सांगलीकडच्याच दोन नाटककारांची मदत घेतो.

पहिले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. जन्म सांगलीचा, १८७२ चा. त्यांचं 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आलं. कथा महाभारतातली. कीचक द्रौपदीच्या मागे लागतो आणि शेवटी भीम त्याला ठार करतो. पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसे, द्रौपदीत हिंदुस्थान, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल. हे इंग्रजांच्याही ध्यानात आलं. व्हॅलेंटाइन चिरोल या पत्रकारानं 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकात हा अर्थ उलगडून लिहिला.

दुसरे गोविंद बल्लाळ देवल, सांगलीजवळच्या हरिपूरचे. त्यांचं 'संगीत शारदा' १८९९ चं. पैशाच्या लोभानं बाप कोवळ्या मुलीचं लग्न म्हाताऱ्याशी लावू बघतो, हा विषय. रक्तपात नाही, सूडाची हाक नाही.

आता तारीख लक्षात ठेवा, २१ डिसेंबर १९०९. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांची बदली झाली होती. निरोपादाखल विजयानंद थिएटरात नाटक ठेवलं होतं. तिथं अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. नाटक कुठलं होतं? 'शारदा'! आणि पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९१० मध्ये, १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली बंदी आली ती 'कीचकवधा'वर.

मग कान्हेरे तिथवर पोचले कसे? जून १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली होती, राजद्रोही ठरवलेल्या कविता छापल्याबद्दल. त्या खटल्यात जॅक्सन यांचा हात होता, म्हणून राग त्यांच्यावर. पाठीशी गुप्त संघटना होती. हातात लंडनहून आलेलं ब्राउनिंग पिस्तूल होतं. म्हणजे बघा, शब्दांनी हिंसा होते म्हणून सरकारनं शब्दांना शिक्षा केली, आणि त्या शिक्षेचाच सूड घेतला गेला.

आपल्या न्यायशास्त्रात एक गमतीचं उदाहरण आहे. कुंभाराचं गाढव माती वाहून आणतं. मडकं होण्याआधी ते हजर असतं, तरी नैयायिक त्याला मडक्याचं कारण मानत नाहीत. ते 'अन्यथासिद्ध', म्हणजे त्याच्यावाचूनही मडकं होतं. आधी असणं वेगळं, कारण असणं वेगळं.

यावर कुणी म्हणेल, 'कीचकवधा'नं काहीच केलं नाही का? केलं की! माणसं पेटली. चिरोलचं निरीक्षण खोटं नव्हतं. पण पेटणं आणि पिस्तूल उचलणं यात बरंच अंतर असतं. व्हिडिओ गेमच्या वादातही हीच गफलत होते. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये पुन्हा सांगितलं की हिंसक गेम आणि आक्रमकता यांत थोडासा संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसेचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच अल्पवयीनांना असे गेम विकण्यावरची कॅलिफोर्नियाची बंदी ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केली होती. आपल्याकडे २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली, पण सरकारनं कारण दिलं ते देशाच्या सुरक्षेचं आणि लोकांच्या माहितीचं.

मला खरं खुपतं ते वेगळंच. कान्हेरे यांना आपण हुतात्मा मानतो. म्हणून त्यांच्या कृत्यामागे आपण अन्याय शोधतो, हेतू शोधतो, सोबती शोधतो. आज एखाद्या पोरानं हाणामारी केली की मात्र 'गेममुळे' म्हणून मोकळे होतो. घरात त्याच्यावर कुणी हात उगारतं का, शाळेत कोण छळतं, हत्यार त्याच्या हाती कसं आलं, हे विचारायचं राहून जातं.

तेव्हा त्या ताईंना माझं उत्तर असं. रात्री मोबाईल काढून घ्या, पोराची झोप आणि अभ्यास बुडतोय, तेवढं कारण पुष्कळ आहे. पण तो खुनी होईल या भीतीनं त्याच्याकडे बघू नका. तो गप्प का झालाय, कुणावर चिडलाय, हे त्याच्याशेजारी बसून विचारा. आणि तो सांगेपर्यंत उठू नका.