पॅरिसची लीद आणि लाखनीचं धान

गेला अख्खा वीकेंड एका एक्सेल शीटने खाल्ला.

झालं असं, पुण्यातला माझा रूममेट नोकरी सोडून 'व्हर्टिकल फार्मिंग' करायचं म्हणतोय. बंद खोली, एलईडी दिवे, माती नाही, पाण्यातूनच खत आणि रॅकवर रॅक लेट्यूस. पार्टनर म्हणून मी पाच लाख घालावेत ही त्याची इच्छा. फ्लॅटसाठी साठवलेले पाच लाख! लाखनीला घरी फोनवर सांगितलं, तर बाबांनी एकच विचारलं, "अन् धान होते का रे तेच्यात?"

हसलो खरा, पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग वाचत बसलो.

हवामान 'बनवून' भाजी पिकवणं तसं जुनंच. रोमन सम्राट टायबेरियसला रोज काकडी लागायची. माळी चाकांवरचे वाफे उन्हात ढकलायचे आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या पातळ तावदानांखाली ठेवायचे, असं प्लिनीने लिहून ठेवलंय. राजाचे चोचले, दुसरं काय!

खरी कमाल एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसची. शहरभर घोडागाड्या, म्हणजे लीदच लीद. तिथले भाजीवाले माळी या लिदीचे जाड थर देत. ती कुजताना गरम होते. वर माती, रोपांवर काचेच्या घंटा, आणि भर हिवाळ्यात लेट्यूस! जास्तीचा माल लंडनला जायचा. पुढे मोटारी आल्या, घोडे गेले, लीद गेली आणि तो धंदाही आटला. म्हणजे काच नाही, फुकटची उष्णता हा खरा शोध होता.

मातीविना शेतीला 'हायड्रोपोनिक्स' हे नाव कॅलिफोर्नियाच्या गेरिके यांनी १९३७ साली रूढ केलं. १९९९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या डेस्पोमिए यांनी विद्यार्थ्यांबरोबर उंच इमारतीतल्या शेतीची कल्पना मांडली. मग पैशांचा पूर आला... आणि ओसरला. अमेरिकेतल्या एरोफार्म्सने २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, बोवरी २०२४ मध्ये बंद पडली.

का, ते शीटमध्ये दिसलं. एक किलो सुक्या वनस्पतीत साधारण पावणेपाच युनिट ऊर्जा साठलेली असते. निम्मी वीज दिव्यातच जाते असं धरलं आणि रोपाने उरलेल्या प्रकाशातला पाच टक्के पकडला (हे उदार मनाने), तर लागतात १९० युनिट. धानात निम्मं तणस. म्हणजे किलोभर दाण्याला ३८० युनिट. दहा रुपये दराने ३,८०० रुपये! एसी वेगळा. लेट्यूसमध्ये पंच्याण्णव टक्के पाणी, म्हणून ते ९५ रुपयांत बसतं. बाबांचा प्रश्न एकदम बरोबर होता.

आपल्याकडे उलटा रस्ता धरणारे झाले. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा प्रयोग परिवार. पान किती ऊन पकडतं, याचा हिशोब ते मांडत आणि तोच गच्चीवरही लावत. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास बाग सुरू केली, खत काय तर त्याच स्वयंपाकघरातला ओला कचरा. पॅरिसच्या लिदीची चुलत बहीणच! यात नियंत्रित हवामान नाही, मान्य. पण बिलही नाही.

रविवारी रात्री शीट मित्राला पाठवली. पाच मिनिटांत रिप्लाय: "सोलर लावू ना." आता बसलोय, एका रॅकला किती गच्ची लागेल ते मोजत. पॅनेल उन्हातला पाचवा हिस्साच पकडतं, आणि रॅक एकावर एक...

पाच लाख अजून खात्यातच आहेत. रोवणीला लाखनीला जायच्या आत त्याला हो की नाही ते सांगायचंय.