राखी धनेश (प्रजाती)

राखी धनेश (शास्त्रीय नाव: ओसिसेरॉस) ही धनेश कुलातील पक्ष्यांची एक प्रजाती आहे. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये ती प्रस्थापित केली. तिच्या तिन्ही जाती केवळ भारतीय उपखंडात आढळतात. धनेशाला मराठीत शिंगचोचा असेही म्हणतात.

जाती

भारतीय राखी धनेश (ओसिसेरॉस बायरोस्ट्रिस): लांबी सुमारे ६० सेंमी. चोचीवर टोकदार शिरस्त्राण असते. ते दुसऱ्या चोचीसारखे दिसत असल्याने शास्त्रीय नावाचा अर्थ ‘दोन चोचींचा’ असा आहे. ही जाती पानझडी वने, आमराया आणि शहरांतील जुन्या वृक्षांवरही राहते.

मलबारी राखी धनेश (ओसिसेरॉस ग्रिसियस): लांबी सुमारे ४५ सेंमी, शिरस्त्राण नसते. ही पश्चिम घाटात प्रदेशनिष्ठ असून महाराष्ट्रात आंबोलीसारख्या दाट वनांत दिसते.

श्रीलंकी राखी धनेश (ओसिसेरॉस जिंगालेन्सिस): केवळ श्रीलंकेत आढळते. हिलाही शिरस्त्राण नसते.

आहार व प्रजनन

वड, पिंपळ, उंबर यांची फळे हे मुख्य अन्न असून कीटक व सरडेही खाल्ले जातात. बिया दूरवर पडत असल्याने वनांच्या पुनर्निर्मितीस हातभार लागतो. विणीच्या काळात मादी वृक्षाच्या ढोलीत शिरून ढोलीचे तोंड विष्ठा व मातीने लिंपून घेते. केवळ एक अरुंद फट उरते. त्या फटीतून नर अन्न भरवतो. या काळात मादीची उडण्याची पिसे गळतात. त्यामुळे नर मारला गेल्यास संपूर्ण कुटुंब संकटात येते.

डहाणू व तलासरी

पालघर जिल्ह्यातील या तालुक्यांचा समावेश असलेल्या उत्तर कोकणात भारतीय राखी धनेश आढळतो. येथील वने प्रामुख्याने पानझडी असून त्यांत साग, ऐन, खैर व मोह हे वृक्ष आहेत. केंद्र शासनाने २० जून १९९१ रोजी डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. तालुक्याच्या सीमेबाहेरील २५ किमीचा पट्टा उद्योगमुक्त ठेवण्याची तरतूदही त्यात होती. लगतचा तलासरी तालुका या पट्ट्यात येतो.

संवर्धन

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या सूचीत मलबारी राखी धनेश ‘असुरक्षित’, तर भारतीय राखी धनेश ‘किमान चिंताजनक’ गटात आहे. धनेश स्वतः ढोली कोरत नाही; नैसर्गिक किंवा इतर पक्ष्यांनी कोरलेली ढोलीच तो वापरतो. अशा ढोली जुन्या, जाड बुंध्याच्या वृक्षांतच तयार होतात. त्यामुळे जुना वृक्ष तोडून त्याजागी रोपे लावल्यास हिरवाई परतते, परंतु घरट्याची जागा अनेक दशके परत मिळत नाही.